फिल्टर बदलला आणि गाडी बंद पडली: डिझेल गाडी ‘एअर घेते’ म्हणजे काय

मार्च महिना, पहाटेचे साडेपाच. अमरावती रोडवर वाडीच्या जुन्या नाक्याजवळून एका पिकअपवाल्याचा फोन आला. कोंढाळीकडच्या एका बागेतून मृग बहाराची संत्री भरायची होती आणि त्याच दिवशी कळमना मार्केटात पोचवायची होती.

“भाऊ, काल संध्याकाळीच सर्व्हिसिंग करून आणली. घरून निघालो तेव्हा एका सेल्फात चालू झाली. नाक्यापर्यंत आलो अन् झटके मारून बंद पडली. आता सेल्फ मारू मारू बॅटरी बसून राहिली. काहून होऊन राहिलं असं?”

“डिझेल फिल्टर बदलला का काल?”

“हो नं. नवीन टाकला.”

“मग आता सेल्फ नको मारू. येतो मी.”

मी वाडीतच डिझेल गाड्यांचं काम करतो, बावीस वर्षं झाली. असा फोन महिन्यातून दोन-तीनदा येतोच आणि गोष्ट जवळपास तीच असते. गाडीत बिघाड नसतो, उलट तिची नुकतीच देखभाल झालेली असते. तिने एअर घेतलेली असते, म्हणजे डिझेलच्या वाटेत हवा शिरलेली असते. हा शब्द नागपूरच्या प्रत्येक ड्रायव्हरच्या तोंडी आहे, पण आत नेमकं काय घडतं हे त्याला कुणी बसून सांगितलेलं नसतं. ते माहीत नसल्यामुळे जळालेले सेल्फ मी पाहिले आहेत, मुंड्या गोल झालेले स्क्रू पाहिले आहेत आणि एका पोराचं सुजून काळंनिळं झालेलं बोटही पाहिलं आहे. म्हणून सुरुवातीपासून सांगतो.

तुरीच्या दाण्याएवढा बुडबुडा

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. पिस्टन वर येताना सिलिंडरमधली हवा १६ ते २२ पट दाबतो. दाबल्यामुळे ती हवा ५०० अंशांच्या वर तापते आणि तिच्यात डिझेल फवारलं की ते आपोआप पेट घेतं. मात्र तो फवारा धुक्यासारखा बारीक असावा लागतो. धार पडली तर डिझेल नीट पेटत नाही, सायलेन्सरमधून नुसता पांढरा धूर येतो.

बारीक फवाऱ्यासाठी दाब लागतो, तोही जबरदस्त. इंजेक्टरच्या टोकाला एक सुई असते आणि तिच्यावर कडक स्प्रिंग बसवलेली असते. जुन्या पद्धतीच्या इंजिनांत डिझेलचा दाब १५० ते २५० बारपर्यंत चढतो तेव्हा कुठे ती सुई उचलली जाते आणि फवारा पडतो. ट्रकच्या टायरमध्ये आठेक बार हवा असते, यावरून अंदाज करा. कॉमन रेलच्या, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच सामाईक नळीतून (रेलमधून) डिझेल देणाऱ्या नव्या पद्धतीच्या गाड्यांत तर पूर्ण जोरावर १६०० ते २००० बारपर्यंत दाब जातो.

आता हा दाब तयार होतो कसा ते बघू. पंपात एक लहानसा प्लंजर, म्हणजे दट्ट्या, वर-खाली होतो आणि प्रत्येक फटक्याला थोडंसं डिझेल बारीक लोखंडी नळीत ढकलतो. थोडंसं म्हणजे किती? गाडी चालू करताना एका फटक्याला साधारण ५० घन मिलिमीटर, म्हणजे ड्रॉपरमधून पडणारा एक थेंब. नळी आधीच डिझेलने काठोकाठ भरलेली असते. वरून एक थेंब जबरदस्तीने घुसला की दुसऱ्या टोकाकडून एक थेंब बाहेर पडायलाच हवा, कारण डिझेल जवळजवळ दाबलं जात नाही. अगदी काटेकोर सांगायचं तर २०० बारला तेही जेमतेम एक-सव्वा टक्का आक्रसतं. पण तेवढं पंपाला पेलतं.

हवेचं तसं नाही. समजा त्या नळीत किंवा प्लंजरच्या वर तुरीच्या दाण्याएवढा हवेचा बुडबुडा अडकला आहे. त्याचं आकारमान पंपाच्या एका फटक्याएवढंच भरतं. प्लंजर थेंब ढकलायला जातो, बुडबुडा नुसता आक्रसतो. २०० बारचा दाब चढायला तो २०० पट लहान व्हावा लागेल. तितका लहान होईपर्यंत प्लंजरचा सगळा फटका संपून जातो. प्लंजर मागे फिरला की बुडबुडा पुन्हा फुगून आपल्या जागी येतो आणि नवीन डिझेलला आत शिरू देत नाही. पंप फिरतोय, सेल्फ फिरतोय, बॅटरी खाली होतेय आणि ती हवा तिथेच बसून आक्रसतेय, फुगतेय, पुन्हा आक्रसतेय. सुई उघडतच नाही. यालाच आपण एअर लॉक म्हणतो.

ब्रेकच्या नळीत हवा शिरली की पेडल कसं स्पंजासारखं खाली जातं ते ज्याने अनुभवलंय त्याला हे लगेच कळतं. गोष्ट तीच आहे, फक्त इथे पेडल आपल्या पायाखाली नसतं, पंपाच्या पोटात असतं.

रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली जर्मनीतल्या ऑग्सबर्गला जे इंजिन चालवून दाखवलं, त्यात इंधन फवारायला दाबलेली हवाच वापरली होती. त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर लागायचा आणि तो इतका अवजड असायचा की ते इंजिन गाडीत बसवणं अवघड होतं. पुढे १९२७ पासून बॉशने इंजेक्शन पंप कारखान्यात मोठ्या संख्येने बनवायला सुरुवात केली आणि डिझेल इंजिन ट्रकच्या बॉनेटखाली सहज मावू लागलं. आपल्याकडे असे पंप बंगळूरच्या मायको कंपनीने बनवले. जुने मिस्त्री आजही पंपाला ‘मायको’ म्हणतात ते त्यामुळेच. हवेचं फवारणीतलं काम संपलं ते त्या पंपांपासून, आणि तेव्हापासून नळीत तिला जागा उरली नाही.

हवा शिरते कुठून

डिझेलचा रस्ता एकदा डोळ्यांसमोर आणा. टाकीतून नळी निघते, वाटेत पाणी वेगळं करणारी वाटी असते, मग टाकीतून डिझेल ओढून पुढे देणारा फीड पंप, मग फिल्टर, मग मोठा इंजेक्शन पंप, तिथून प्रत्येक सिलिंडरला एक लोखंडी नळी आणि शेवटी इंजेक्टर. वापरून उरलेलं डिझेल रिटर्नच्या नळीतून टाकीत परत जातं. काही गाड्यांत फिल्टर आधी येतो आणि ओढणारा पंप नंतर. हा फरक लक्षात ठेवा, पुढे तो फार कामाचा आहे.

फिल्टर खोलला की हा रस्ता मधेच तुटतो. जुन्या फिल्टरमधलं डिझेल बाहेर जातं, नळ्यांमधलं थोडं टाकीकडे उतरतं आणि नवा फिल्टर लावला तेव्हा त्याच्या पोटात हवा असते. वाटीतलं पाणी काढलं, टाकी कोरडी पडली, एखादी नळी बदलली, तरी हेच घडतं. यात कुणाची चूक नसते. चूक होते ती ही हवा न काढता बॉनेट बंद करण्यात.

गाडी मग लगेच बंद का पडत नाही? कारण फिल्टरच्या पुढे, पंपात आणि लोखंडी नळ्यांत जुनं डिझेल अजून भरलेलं असतं. तेवढ्यावर इंजिन झोकात चालू होतं, वर्कशॉपमधला पोरगा चाबी हातात देतो, आपण निघतो. फिल्टरमधली हवा पंपापर्यंत पोचली की झटके सुरू होतात. सर्व्हिसिंग केलेल्या गाड्या वर्कशॉपच्या गेटात नाही, दोन चौक पुढे बंद पडतात त्या यामुळे. माझी सगळ्यांना एक विनंती आहे: फिल्टर बदलून घेतल्यावर गाडी वर्कशॉपमध्येच दहा मिनिटं चालू ठेवा, मधून ॲक्सिलरेटर थोडा दाबा आणि मगच पैसे द्या.

जुन्या पद्धतीच्या इंजिनात हवा काढायची रीत

ही रीत आहे ती यांत्रिक पंपाच्या इंजिनांची: जुने ट्रक, ट्रॅक्टर, जुन्या जीप आणि पिकअप, शेतातली पाण्याची इंजिनं. कॉमन रेलच्या गाडीला ही रीत लावू नका. त्याबद्दल पुढे वेगळं सांगतो.

हवा हलकी, ती वर चढते, आणि डिझेल ढकलायचं असतं टाकीकडून इंजिनाकडे. म्हणून कामही टाकीपासून सुरू करून इंजिनाकडे जायचं, आणि प्रत्येक ठिकाणी सगळ्यात वरचा स्क्रू उघडायचा. आधी पुढचं तोंड उघडून उपयोग नाही, मागची हवा पुन्हा तिथे येऊन बसते. घाईत असलेला माणूस नेमका इंजेक्टरपासून सुरुवात करतो आणि तासभर घाम गाळतो.

टाकीत निदान पाव टाकी डिझेल असू द्या. फिल्टर ज्याला खालून बसतो त्या हेडवर ब्लीडिंगचा, म्हणजे हवा काढायचा, स्क्रू असतो. त्याच्याभोवतीची माती आधी पुसून काढा, कारण तीच माती आत गेली तर नव्या फिल्टरचा अर्थ राहत नाही. खाली फडकं किंवा डबा धरा. स्क्रू दीड-दोन आटे सैल करा, पूर्ण काढू नका. मग फीड पंपावरचा हँड प्रायमर, म्हणजे हाताने डिझेल ढकलायची लिव्हर, हलवायला लागा. आधी काहीच येत नाही, नुसता फुसफुस आवाज येतो. मग फेस येतो, साबणाच्या फेसासारखा पांढुरका. मग डिझेल येतं, पण त्यात मोठे बुडबुडे फुटत असतात. इथे थांबायचा मोह होतो. थांबू नका. आणखी वीस-तीस वेळा प्रायमर मारल्यावर काचेसारखी सलग, अजिबात न तुटणारी धार येते. ती धार वाहत असताना, एका हाताने प्रायमर दाबून धरलेला असतानाच, दुसऱ्या हाताने स्क्रू आवळायचा. प्रायमर सोडून मग स्क्रू आवळला तर तेवढ्या क्षणात हवा परत आत जाते.

कधी कधी प्रायमरच्या लिव्हरला जोरच लागत नाही, तो ढिला ढिला हलतो. पोरं लगेच म्हणतात, पंप गेला. पंप गेलेला नसतो. इंजिन अशा जागी थांबलेलं असतं की आतल्या कॅमने फीड पंपाचा पडदा आधीच दाबून धरलेला आहे, त्यामुळे हाताने हलवायला काही उरलेलंच नाही. सेल्फ क्षणभर मारून इंजिन थोडं फिरवा, लिव्हरला जोर येतो. ही एवढीशी गोष्ट माहीत नसल्यामुळे चांगले फीड पंप बदललेले मी पाहिले आहेत.

फिल्टरनंतर इंजेक्शन पंपावरचा स्क्रू. तिथेही तसंच: फेस, बुडबुडे, सलग धार, आवळा. बऱ्याचदा एवढ्यावरच गाडी चालू होते, कारण उरलेली थोडी हवा रिटर्नच्या वाटेने टाकीत निघून जाते.

नाहीच झाली, तर इंजेक्टरकडे जायचं. इंजेक्टरवर येणाऱ्या लोखंडी नळ्यांचे नट, बहुतेक ठिकाणी १७ चा पाना बसतो, अर्धा ते एक आटा सैल करा. नटावर फडकं टाका, चेहरा आणि हात दूर ठेवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. इथे थोडा हिशेब सांगतो म्हणजे धीर धरता येईल. ही नळी आतून साधारण २ मिलिमीटरची आणि अर्धा मीटर लांब धरली, तर तिच्यात दीड मिलिलिटर डिझेल मावतं, म्हणजे सुमारे तीस थेंब. सेल्फवर इंजिन मिनिटाला २०० फेरे मारत असेल तर प्रत्येक इंजेक्टरला मिनिटाला १०० थेंब मिळतात, कारण फोर-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदाच फवारा असतो. म्हणजे पूर्ण रिकामी नळी भरायलाच वीसेक सेकंद सेल्फ फिरवावा लागतो, तोही पंप स्वतः भरलेला असेल तर. म्हणून ‘दोन सेल्फ मारले, होत नाही’ असं म्हणून हताश व्हायचं कारण नाही. पण सलग वीस सेकंदही मारू नका. दहा सेकंद मारा, मिनिटभर थांबा, पुन्हा दहा सेकंद. सेल्फ मोटार थोडा वेळ फिरण्यासाठीच बनवलेली असते. सलग फिरवली की तिचं वाइंडिंग तापतं, जळतं, आणि वीस मिनिटांत संपणारं काम हजारो रुपयांना पडतं.

नटातून आधी फेस आणि मग टपटप डिझेल यायला लागलं की एकेक नट आवळत जा. शेवटचा नट आवळता आवळता इंजिन खडखडत चालू होतं, एखाद्या सिलिंडरवर मिसिंग मारतं, पांढरा धूर सोडतं. घाबरू नका. ॲक्सिलरेटर थोडा दाबून पाच मिनिटं चालू ठेवलं की आवाज एकसारखा होतो. नाही झाला, तर ज्या नळीचा नट सैल केल्यावर आवाज बदलत नाही, त्या सिलिंडरला अजून डिझेल पोचलेलं नाही असं समजायचं. ही तपासणीही फक्त यांत्रिक पंपाच्या इंजिनावरच, आणि तीही सवयीच्या मिस्त्रीने करायची.

नवा फिल्टर डिझेलने भरून लावावा की रिकामा, यावर मिस्त्री लोकांत वाद आहे. भरून लावला की हवा कमी राहते, हे खरं. पण ओतायचं कुठे ते बघा. फिल्टरच्या तोंडावर कडेने बारीक भोकं असतात आणि मधोमध एक मोठं. कडेच्या भोकांतून आत गेलेलं डिझेल कागदातून गाळून मध्ये येतं. मधल्या भोकात ओतलेलं डिझेल गाळलं जातच नाही, ते थेट पंपात जातं. डब्यातल्या डिझेलमधला न दिसणारा कचराही पंपाला चालत नाही. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो आणि आजचे चांगले फिल्टर ४-५ मायक्रॉनचे कण अडवतात, एवढं बारीक ते काम आहे. म्हणून माझा नियम साधा आहे. जुन्या इंजिनाला भरायचाच असेल तर कडेच्या भोकांतून भरा. कॉमन रेलला भरूच नका, प्रायमरने भरा. त्यात पाच मिनिटं जास्त जातात, जाऊ द्या.

कॉमन रेल असेल तर पाना खाली ठेवा

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस ६, म्हणजे गाड्यांच्या धुराचा नवा नियम, लागू झाला. तेव्हापासूनच्या डिझेल गाड्या, आणि त्याआधीच्याही अनेक, कॉमन रेलच्या आहेत. त्यांच्यात उच्च दाबाच्या नळीचा नट सैल करून हवा काढायची नाही, कधीच नाही. गाडी उभी असून इंजिन ॲक्सिलरेटर न दाबता नुसतं चालू असतानाही त्या रेलमध्ये २५०-३०० बार असतात. तिथून सुटलेली डिझेलची धार डोळ्यांना दिसत नाही, पण ती हातमोज्यातून आणि कातडीतून आरपार जाते.

बोट सुजलेल्या पोराबद्दल वर लिहिलं ते हेच. गळती कुठे आहे ते बघायला त्याने चालू इंजिनावर नळीवरून बोट फिरवलं. टाचणी टोचल्यासारखं वाटलं, रक्ताचा थेंबही आला नाही. त्याला वाटलं काही नाही. संध्याकाळपर्यंत बोट फुगलं. डिझेल कातडीखाली पसरत जातं आणि आतलं मांस मारतं. अशा वेळी दुखो न दुखो, ताबडतोब मोठ्या दवाखान्यात जायचं आणि डॉक्टरला स्पष्ट सांगायचं की दाबाखालचं डिझेल आत गेलंय. नुसती पट्टी बांधून चालत नाही, बोट उघडून साफ करावं लागतं. त्या पोराचं बोट वाचलं, पण ते अजून पूर्ण वाकत नाही. गळती शोधायची ती पुठ्ठ्याच्या तुकड्याने. पुठ्ठा नळीजवळ धरायचा, ओला डाग पडला की जागा सापडली.

मग या गाड्यांत हवा काढायची कशी? बऱ्याच गाड्यांत टाकीतच विजेवरचा पंप असतो. चाबी ऑन करा, सेल्फ मारू नका. काही सेकंद पंपाची बारीक घूं ऐकू येते. ती थांबली की चाबी बंद, पुन्हा ऑन. असं पाच-सहा वेळा करा. हवा रिटर्नच्या वाटेने टाकीत जाते. काही गाड्यांत फिल्टरच्या डोक्यावर दाबायचं बटण असतं, काहींत नळीच्या मधे रबरी फुगा असतो. फुगा दाबताना बाणाची दिशा इंजिनाकडे आणि तोंड वर ठेवा, म्हणजे आतल्या झडपा नीट बसतात. फुगा दगडासारखा कडक झाला की हवा निघाली. काही गाड्यांना मात्र स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र, लावूनच पंप फिरवावा लागतो. त्यांच्याशी झटापट करू नका, स्कॅनरवाल्याला बोलवा.

कोरडा सेल्फ मारत राहण्याचा तोटा इथे सगळ्यात मोठा. कॉमन रेलच्या बहुतेक पंपांना वंगण मिळतं ते त्यातून वाहणाऱ्या डिझेलचंच. डिझेलऐवजी हवा आली की धातूवर धातू घासतो, त्याचा भुगा सुटतो आणि तो भुगा रेलमधून सगळ्या इंजेक्टरांत जाऊन बसतो. मग पंप, रेल, इंजेक्टर, टाकीची सफाई, सगळंच निघतं. छोट्या गाडीवाल्याची वर्षाची कमाई त्यात जाते. हे पाहून मला खरंच वाईट वाटतं, कारण ते टाळायला दोन मिनिटं चाबी फिरवणं पुरलं असतं.

विडी-सिगारेटचं एक सांगून टाकतो. डिझेल पेटत नाही असा समज आहे. आपल्याकडच्या मानकात डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश आहे, म्हणजे तेवढ्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते. नागपुरात मे महिन्यात सावलीत ४५ अंश असतात आणि बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपावर सांडलेलं डिझेल पुसल्याशिवाय सेल्फ मारू नका.

हवा काढली तरी पुन्हा येते, तेव्हा

हवा एकदा नीट काढली की ती परत येत नाही. परत येत असेल तर ती कुठून तरी आत ओढली जातेय. आणि इथे बहुतेक लोक फसतात, कारण ते डिझेल कुठे गळतंय ते शोधत बसतात.

ढकलणाऱ्या पंपाच्या पुढे दाब असतो, तिथे फट असेल तर डिझेल बाहेर येतं आणि दिसतं. पण टाकी आणि ओढणारा पंप यांच्यामधे ओढ असते. उसाचा रस स्ट्रॉने पिताना स्ट्रॉला चीर असली तर रस बाहेर सांडत नाही, तोंडात हवा येते. तसंच. चालू गाडीत तिथे एक थेंबही बाहेर दिसणार नाही. म्हणून त्या भागातल्या रबरी नळ्या, क्लिपा, वाटीखालचा पाणी काढायचा कॉक, नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टखालचे (बंजो बोल्ट) तांब्याचे वॉशर हे सगळं हाताने तपासावं लागतं. तांब्याचा वॉशर एकदा दबला की दबला, दरवेळी नवाच टाका. आपल्या उन्हाळ्यात रबरी नळ्या फार लवकर कडक होतात. नळी क्लिपेपाशी वाकवून बघा, बारीक चिरा दिसल्या तर बदलून टाका.

टाकी अर्धी असताना गाडी झटके मारते आणि भरलेली असताना नाही, अशी तक्रार आली की मी टाकीतल्या उभ्या नळीला चीर आहे का ते बघतो. डिझेल चिरेच्या खाली उतरलं की नळी हवा ओढायला लागते. टाकीचं झाकण उघडताना जोरात सूं आवाज आला तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. तिथे नळीत हवा शिरलेली नसते, उलट टाकीलाच हवा मिळत नसते, पण गाडी बंद पडते ती तशीच.

गोंधळ झाला तर स्वच्छ डिझेलचा कॅन इंजिनापेक्षा उंच ठेवून त्यातून थेट पंपाला नळी द्या. गाडी नीट चालली तर दोष टाकीकडच्या बाजूला. पंपाआधी थोडा वेळ पारदर्शक नळीचा तुकडा लावला तर बुडबुडे डोळ्यांनी दिसतात.

त्या पिकअपकडे वळतो. मी पोचलो तेव्हा फटफटलं होतं. गाडी जुन्या रोटरी पंपाची, आणि तिच्यात फिल्टर ओढणाऱ्या बाजूला होता, हेडवर हाताने दाबायचं बटण. हवा काढली, दुसरी बॅटरी लावली, गाडी चालू झाली. चार मिनिटांनी पुन्हा झटके. पुन्हा हवा काढली, पुन्हा तेच. बाहेरून फिल्टर कोरडा ठणठणीत.

मग इंजिन बंद ठेवून फिल्टरच्या वरच्या कडेभोवती वर्तमानपत्राची पट्टी गुंडाळली आणि बटण जोरजोरात दाबत राहिलो. चालू इंजिनात तिथे ओढ असते, पण हाताने बटण दाबताना उलट दाब पडतो. तीस-चाळीस वेळा दाबल्यावर कागदावर एका बाजूला नखाएवढा ओला डाग उमटला आणि हळूहळू पसरला. फिल्टर खोलला. नव्या फिल्टरचं रबर त्याच्या जागी होतंच, पण वर हेडला आदल्या फिल्टरचं जुनं रबर काळं होऊन चिकटलेलं होतं. काल बदलणाऱ्याने ते काढलंच नव्हतं. दोन रबरं एकावर एक बसली होती आणि त्यांच्यामधून इंजिन हवा पीत होतं.

स्क्रू-ड्रायव्हरने हेड खरवडू नये म्हणून मी ते रबर नखाने आणि लाकडी काडीने सोलून काढलं, हेड पुसलं, नव्या रबराला डिझेलचं बोट लावलं आणि फिल्टर हाताने घट्ट फिरवला. हवा काढायला दहा मिनिटं लागली. गाडी चालू करून आम्ही शेजारच्या टपरीवर चहा घेतला, तोवर इंजिन एका लयीत चालत होतं. निघताना ते चपटं झालेलं जुनं रबर त्याने डॅशबोर्डवर ठेवून घेतलं, वर्कशॉपवाल्याला दाखवायला.

मी त्याला एवढंच सांगितलं की खरी परीक्षा उद्या सकाळी आहे. कुठे बारीक फट उरली असेल तर रात्रभरात डिझेल टाकीकडे उतरेल आणि सकाळचा पहिला सेल्फ लांबेल. दुसऱ्या दिवशी सहाच्या आत फोन आला.

“भाऊ, एका सेल्फात झाली. वाडीतून निघालो पण.”